पहिलटकरणीचे मन कशाने खचते आणि घराने काय करावे

सातारा-सांगलीकडच्या घरात सुनेला पहिल्यांदा दिवस गेल्याचे कळले, की सारे घर तिच्या खाण्यापिण्याकडे आणि उठण्याबसण्याकडे लक्ष देऊ लागते. चोरचोळी होते, सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, सोनोग्राफीच्या तारखा कॅलेंडरवर लिहिल्या जातात, आणि जड उचलू नकोस, वाकू नकोस, असे तिला दिवसातून अनेकदा बजावले जाते. या साऱ्या मायेत एक गोष्ट मात्र राहून जाते. तिला रात्री झोप लागते का, ती कशाला घाबरते, दुपारी एकटी असताना तिच्या मनात काय येते, हे तिला कोणी विचारत नाही. आणि कोणी विचारत नाही म्हणून तीही सांगत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार विकसनशील देशांत गरोदरपणात सुमारे १५.६ टक्के आणि बाळंतपणानंतर सुमारे १९.८ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, आणि त्यात नैराश्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. म्हणजे सहा-सात गरोदर बायकांमागे एकीला हा त्रास असतो. हा त्रास ज्या कारणांनी होतो किंवा वाढतो, त्यांपैकी बरीचशी कारणे घरातच असतात आणि घरातल्या माणसांना ती बदलता येतात, असे माझे ठाम मत आहे. म्हणून पुढील मजकूर गरोदर मुलीसाठी जितका आहे तितकाच तिचा नवरा, सासू आणि आई यांच्यासाठी आहे.

नाव नोंदवतानाच काय सांगावे

गरोदरपणाची नोंदणी पहिल्या १२ आठवड्यांत करायची असते. त्या वेळी डॉक्टर किंवा नर्सबाई वजन, रक्तदाब, रक्तगट लिहून घेतात. मनाचा इतिहास बहुधा विचारला जात नाही, म्हणून तो आपणहून सांगावा. पूर्वी कधी नैराश्य, घबराटीचे झटके किंवा दुसरा मानसिक आजार झाला होता का, आईला किंवा बहिणीला बाळंतपणात असा त्रास झाला होता का, यापूर्वी पोट पडले होते का, मूल राहण्यासाठी बरीच वर्षे उपचार घ्यावे लागले का, ही माहिती डॉक्टरांना पहिल्याच भेटीत मिळाली पाहिजे. गरोदरपणात मन बिघडण्याचा धोका ज्या गोष्टींवरून ओळखता येतो, त्यांत आधी झालेला मानसिक आजार ही सर्वांत ठळक गोष्ट आहे. पोट पडल्यानंतरची खेप ही कागदावर पहिल्या मुलाची असली, तरी त्या मुलीच्या दृष्टीने ती आनंदाची आणि धास्तीची अशी दोन्ही असते, आणि मागच्या वेळी ज्या महिन्यात पोट पडले तो महिना उलटेपर्यंत तिला धीर येत नाही.

आपल्याकडे या बाबतीत एक अडचण फार जुनी आहे. लग्न ठरवताना मुलीच्या गोळ्या चालू असल्याचे सासरच्यांना सांगितलेले नसते, लग्नानंतर ती त्या लपवून घेते किंवा बंद करते, आणि दिवस गेल्यावर तर बाळाला बाधेल या भीतीने नक्कीच बंद करते. अशा मुलीने दवाखान्यात डॉक्टरांना एकटीने गाठून हे सांगावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे रुग्णाच्या आजाराची माहिती गोपनीय राखणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. चालू गोळ्या मनाने एकदम थांबवल्यास आजार उलटण्याचा धोका असतो, आणि सोडियम व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधे गर्भाला निश्चित अपाय करतात. त्यामुळे कोणती गोळी थांबवायची, कोणती बदलायची आणि कोणती चालू ठेवायची हा निर्णय मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा असतो. दिवस गेल्याची शंका येताच ज्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्यांना फोन करावा. मूल व्हावे असा विचार सुरू होताच त्यांना भेटणे तर सर्वांत उत्तम.

शरीराची कारणेही तपासून घ्यावीत. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की त्याला रक्तक्षय समजतात, आणि रक्तक्षय झालेली मुलगी थकलेली, चिडचिडी आणि कशात मन न लागणारी दिसते. थायरॉईडची कमतरता आणि बी-१२ ची कमतरता यांचीही लक्षणे अशीच असतात. पहिल्या तीन महिन्यांत पाणीसुद्धा पोटात न टिकण्याइतक्या उलट्या होत असतील, तर ती मुलगी केवळ अन्नावाचूनही खचते. तेव्हा डोहाळे म्हणून सोडून न देता तिला सलाईन आणि औषध मिळेल असे पाहावे. या तपासण्या झाल्या म्हणजे मनाच्या त्रासाचा प्रश्न मिटला असे होत नाही, पण लोहाच्या गोळ्यांनी सुधारणारा थकवा आणि समुपदेशनाने सुधारणारे नैराश्य यांची गल्लत टळते.

दूर असलेला नवरा

या दोन जिल्ह्यांतल्या घरांचा विचार केला, तर पहिलटकरणीच्या मनावरचा एक मोठा भार म्हणजे नवरा जवळ नसणे. माण-खटावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला कामाला आहेत, साताऱ्याच्या कित्येक गावांत घरटी माणूस सैन्यात आहे, आणि खानापूर-आटपाडीकडची तरुण मुले गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायासाठी देशभर पांगलेली आहेत. लग्नानंतर जेमतेम ओळख होते न होते तोच दिवस जातात, नवरा परगावी असतो, आणि ही मुलगी एका अनोळखी घरात आयुष्यातला सर्वांत मोठा बदल एकटीने पेलत असते.

फोन रोज होतो, हे खरे. पण तो फोन कसा होतो तेही पाहिले पाहिजे. संध्याकाळी आठच्या सुमाराला तो येतो तेव्हा ती चुलीपुढे किंवा गॅसपुढे उभी असते, सासूबाई शेजारी भाजी निवडत बसलेल्या असतात, दीर सोप्यात टीव्ही लावून बसलेला असतो, आणि फोन बहुतेक वेळा स्पीकरवर असतो. ‘बरी हायस न्हवं?’ या प्रश्नाला ‘व्हय, बरी हाय’ याखेरीज दुसरे उत्तर त्या खोलीत देता येत नाही. नवऱ्याला वाटते की सारे ठीक चालले आहे; तिला वाटते की याला काही कळतच नाही. महिनोन्‌महिने असे चालले की तिचे बोलणेच आटते.

यावर उपाय साधा आहे आणि तो नवऱ्याने करायचा आहे. दिवसातली एक वेळ ठरवून घ्यावी, ती वेळ घरच्यांना मोकळेपणाने सांगावी, आणि त्या वेळी ती गच्चीवर, परसात किंवा खोलीत एकटी बसून बोलेल असे पाहावे. ‘मी तिच्याशी जरा निवांत बोलणार हाय’ असे त्याने आईला स्वतः सांगितले, तर सुनेवर बोल येत नाही. बोलताना ‘बरी आहेस ना’ असे विचारण्यापेक्षा काल किती वाजता झोप लागली, आज जेवण गेले का, आज कोणाचे काय लागले, अशा नेमक्या गोष्टी विचाराव्यात. रजा मोजकी असेल, तर तिचे नियोजन आधीच करावे: १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीला एकदा बरोबर जावे, आणि उरलेली रजा बाळंतपणाच्या वेळेसाठी राखून ठेवावी. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती कितीतरी जण बारशासाठी ठेवतात, पण बायकोला तिची गरज बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात असते.

गलाई व्यावसायिकांच्या ज्या बायका नवऱ्याबरोबर परराज्यात राहतात, त्यांची अडचण याच्या उलट असते. नवरा जवळ असतो, पण दिवसभर दुकानात. शेजाऱ्यांची भाषा येत नाही, दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले ते नवऱ्याकडून कळते. त्या शहरातल्या इतर मराठी कुटुंबांशी गाठ घालून देणे आणि तिला स्वतःला दवाखान्यापर्यंत जाता येईल इतकी वाट माहीत करून देणे, या गोष्टी अशा वेळी औषधाइतक्या मोलाच्या ठरतात.

सासर आणि माहेर

सासूबाईंना दोष देऊन हा विषय सुटत नाही. ज्या बाईने स्वतः आठव्या महिन्यापर्यंत उसाची भांगलण केली, जिला कोणी दुपारी टेकू दिले नाही, तिला सुनेचा थकवा पाहून ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यांच्याही वेळी ते होते, फक्त त्याची दखल घेणारे कोणी नव्हते, हे सासूबाईंना एकांतात आणि आदराने सांगितले तर त्या बहुधा मान्य करतात, आणि मग घरातला सर्वांत भक्कम आधार त्याच होतात. सुनेने दुपारी दोन तास पडावे, धारा काढणे आणि पाण्याच्या घागरी तिच्याकडे नकोत, ही व्यवस्था सासूबाईंनीच सर्वांसमोर जाहीर करावी. कारण तीच गोष्ट सुनेने मागून घेतली की जावा-नणंदांच्या टोमण्यांना निमित्त मिळते, आणि टोमण्यांच्या भीतीने ती विश्रांतीच घेत नाही.

माहेरी जाण्याने बहुतेक मुलींना हायसे वाटते. तरीही बाळंतपण कुठे करायचे हे तिला विचारून ठरवावे. आई हयात नसेल, माहेरचे घर भावजयीच्या हातात असेल, किंवा वडिलांवर आधीच लग्नाचे कर्ज असेल, तर पहिले बाळंतपण माहेरी या रिवाजाचाच तिच्या मनावर ताण येतो आणि ती तो बोलून दाखवत नाही. जागा बदलली की डॉक्टरही बदलतात. माता-बालसंरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल आणि चालू औषधांची चिठ्ठी बरोबर द्यावीच, आणि मनाचा काही त्रास चालू असेल तर तोही नव्या डॉक्टरांना सांगण्याची जबाबदारी एका माणसाने नेमकी अंगावर घ्यावी.

मुलगाच हवा, हा धोशा

गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात महत्त्वाचा मानला जातो. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या २३ टक्के मातांना नैराश्य आढळले. त्यांपैकी बहुतेकींचा मानसिक त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता, आणि गरिबी, नवऱ्याकडून होणारी मारहाण आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे यांचा त्या नैराश्याशी संबंध दिसून आला. आपल्या भागाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ हे नाव ठेवलेल्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली होती. ज्या बायकांनी ते नाव ठेवलेले ऐकले, वापरले किंवा स्वतः वागवले, त्यांपैकी काहींच्या मुली आणि सुना आज गरोदर आहेत.

आता कोणी तोंडावर तसे बोलत नाही. मात्र ‘चालण्यावरून मुलगाच वाटतोय’, ‘तोंडावर तेज आलंय, मुलगी दिसतीय’, ‘पहिला मुलगा झाला की सुटलीस’ ही वाक्ये डोहाळजेवणात हसत-खेळत म्हटली जातात, आणि ज्या मुलीने ती ऐकली तिला पुढचे तीन महिने सोनोग्राफीच्या टेबलावर आणि देवापुढे एकच विचार सुचतो. घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने, शक्यतो सासऱ्यांनी, सर्वांना ऐकू जाईल असे एकदा स्पष्ट म्हणावे की मुलगी झाली तरी या घरात पेढेच वाटले जातील. मुलगा की मुलगी हे वडिलांच्या बीजावरून ठरते, आईच्या नव्हे, हेही त्याच वेळी सांगावे. कोणी गर्भलिंग तपासण्याची गोष्ट काढलीच, तर १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि तसा दबाव आणणारे नातेवाईकही त्यात येतात, याची जाणीव करून द्यावी.

मारहाणीचा विषय वेगळा मांडतो, कारण त्याला घरगुती तडजोडीचा उपाय नाही. नवरा किंवा घरचे कोणी हात उगारत असतील, दारू पिऊन त्रास देत असतील किंवा तिच्या मनाविरुद्ध शरीरसंबंध ठेवत असतील, तर तिला एकटीला गाठून विचारावे; सासरच्या माणसांसमोर ती कधीच खरे सांगणार नाही. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक तिच्या मोबाईलमध्ये दुसऱ्या नावाने जपून ठेवता येतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, आणि आशाताई किंवा अंगणवाडीताई त्यांच्यापर्यंत पोहोचवू शकतात. पोटावर मार बसला असेल, तर रक्तस्राव दिसत नसला तरी लगेच दवाखान्यात जावे.

पैसा, नोकरी आणि पुराचे पाणी

खर्चाची धास्ती बोलून दाखवली जात नाही, पण ती रात्री झोपू देत नाही. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सीझर, औषधे, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची सोय जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पात्र स्त्रियांना पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये मिळतात. अर्ज अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे करायचा असतो. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेत नोकरी करणाऱ्या आणि आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि त्या रजेत तिला कामावरून काढता येत नाही. हे सारे पाचव्या महिन्यापर्यंत कागदोपत्री पक्के करावे, म्हणजे तेवढे एक ओझे उतरते.

कृष्णा-वारणाकाठच्या लोकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये मिरज, पलूस, वाळवा आणि शिराळा तालुक्यांतल्या गावांनी जे पाणी पाहिले, ते अजून कोणी विसरलेले नाही. बाळंतपणाची तारीख जुलै ते सप्टेंबरमध्ये येत असेल आणि घर पूररेषेत असेल, तर ‘बघू तेव्हाचं तेव्हा’ हे उत्तर त्या मुलीला देऊ नये. कोणत्या नातेवाइकाकडे, किती तारखेला आणि कोणत्या रुग्णालयाजवळ जायचे हे जूनमध्येच ठरवून तिला सांगावे. पाटण-जावळीच्या डोंगरातल्या वाड्यांनाही, पावसात रस्ता खचण्याच्या भीतीमुळे, हेच लागू आहे.

भीती आणि अपराधीपणा

पहिल्या खेपेला कळांची आणि सीझरची भीती वाटणे साहजिक आहे. ती वाढवण्याचे काम बहुतेक वेळा भेटायला आलेल्या बायका करतात. कोणाचे बाळ कसे अडले, कोणाला किती टाके पडले, ही वर्णने पहिलटकरणीसमोर करू नयेत. आणि कोणी करू लागलेच, तर घरातल्या जबाबदार बाईने विषय बदलावा. भीती कमी करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे माहिती. आठव्या महिन्यात रुग्णालयाचा प्रसूतिकक्ष तिला एकदा दाखवून आणावा, कळा सुरू झाल्या म्हणजे नेमके काय होते हे नर्सबाईंकडून समजून घ्यावे, आणि बाळंतपणाच्या वेळी जवळ कोण असेल हे ठरवावे. सरकारी रुग्णालयांत स्वतः बाळंतपण अनुभवलेल्या एका स्त्री नातेवाइकाला सोबत थांबू देण्यास केंद्र सरकारने परवानगी दिलेली आहे. त्याबद्दल आधी विचारून ठेवावे.

अपराधीपणाची कारणे अधिक सूक्ष्म असतात. ग्रहणात चुकून सुरी हातात घेतली म्हणून बाळाचा ओठ फाटेल, या धास्तीने महिनोन्‌महिने पोखरल्या गेलेल्या मुली आहेत. ग्रहणाचा आणि बाळाच्या ओठाचा काहीही संबंध नाही, हे तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावे, कारण घरच्यांचे बोलणे तिला नुसती समजूत वाटते. दुसरे कारण अलीकडचे आहे. गरोदर बाईने सदैव आनंदी राहिले पाहिजे, तिच्या मनातला प्रत्येक विचार बाळावर उमटतो, असे तिला वारंवार ऐकवले जाते. संगीत, वाचन, प्रार्थना या गोष्टी मनाला बऱ्याच असतात, यात शंका नाही; पण आनंदी राहण्याची सक्ती झाली की वाईट वाटण्याचेही तिला भय वाटू लागते, आणि ती रडणे लपवू लागते. एखादा दिवस रडू आल्याने बाळाचे काही बिघडत नाही. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या नैराश्यावर मात्र उपचार व्हायला हवेत, कारण त्यात आईचे खाणे, झोप आणि तपासण्या सुटतात आणि त्याचा परिणाम दोघांवर होतो.

कसे विचारावे

दर तपासणीच्या आदल्या संध्याकाळी, ती ज्या माणसाशी मोकळी आहे त्याने तिला एकटीला दोन गोष्टी विचाराव्यात. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास किंवा निराश वाटले का? आणि एरवी ज्यात मन रमते त्यात आता रमेनासे झाले आहे का? दोन्हींपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांना सांगावे. त्यांच्याकडे याहून सविस्तर प्रश्नावल्या असतात. १९८७ साली तयार झालेली एडिंबरा प्रश्नावली त्यांपैकी एक असून तिच्यात मागच्या सात दिवसांविषयी दहा प्रश्न आहेत आणि ती गरोदरपणातही वापरतात.

प्रश्न कोणता, याइतकेच तो कसा विचारला यालाही महत्त्व आहे. ‘झोप लागती का गं?’ असे सासूबाईंनी विचारले की ‘लागती की’ असे उत्तर येते आणि बोलणे तिथेच संपते. ‘लागती म्हंजे, पडल्या पडल्या लागती का कूस बदलत राहतीस?’ असे हातातले काम बाजूला ठेवून, तिच्याकडे बघून विचारले, की थोड्या वेळाने खरे उत्तर येते: ‘आत्या, तीन वाजल्यापास्नं डोळं उघडंच असत्यात.’ त्यानंतर लगेच उपदेश करू नये. देवाचे नाव घे, चांगले विचार कर, तुला काय कमी आहे, ही वाक्ये कळवळ्याने म्हटली तरी ती ऐकून मुलगी पुन्हा गप्प होते. ‘मग तीनपास्नं काय काय मनात येतं?’ एवढे विचारावे आणि ऐकत राहावे.

जगणे नकोसे वाटते का, स्वतःला काही करून घ्यावेसे वाटते का, हेही सरळ शब्दांत विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यामुळेच ते बोलता येते. उत्तर ‘हो’ असेल, तर तिला एकटीला ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. द्राक्षबागेची औषधे, तणनाशके आणि उंदराचे औषध आपल्याकडे गोठ्यात किंवा माडीवर उघड्यावर पडलेले असते. ते त्याच क्षणी घराबाहेर, कुलपात हलवावे. शेतकरी घरात ही काळजी तर गरोदरपणाची बातमी कळल्या दिवसापासूनच घेतलेली बरी.

कुठे न्यावे

सुरुवात ज्यांच्याकडे तपासणी चालू आहे त्या डॉक्टरांपासून करावी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी होते, तेव्हा हे बोलायला बरे पडते. पुढच्या उपचारासाठी साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. दवाखान्यात जायला घर तयार नसेल किंवा रात्रीची वेळ असेल, तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि तिथे मराठीत बोलता येते.

सौम्य त्रासात बहुधा समुपदेशन पुरेसे होते. यासाठी प्रत्येक वेळी मोठा तज्ज्ञच लागतो असेही नाही. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या खेड्यांत गावच्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांच्या घरी भेटी देण्याचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा भेटी मिळालेल्या स्त्रियांपैकी २३ टक्के, तर नेहमीच्याच भेटी मिळालेल्यांपैकी ५३ टक्के स्त्रियांना नैराश्य होते. आपल्या आशाताईही दारापर्यंत येतात. त्या आल्या की लोहाच्या गोळ्या घेऊन त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवण्याऐवजी, त्यांना सुनेजवळ अर्धा तास बसू द्यावे. त्रास जास्त असेल तेव्हा गोळ्या लागतात, आणि गरोदरपणात व अंगावर पाजतानाही देता येतील अशा गोळ्या उपलब्ध आहेत. धोका आणि फायदा तोलून डॉक्टर त्या ठरवतात.

बाळंतपणानंतर

बाळंतपणानंतर शरीरातली संप्रेरके एकदम उतरतात, झोप तुटते, दूध यायला वेळ लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कारण नसताना रडू येणे, चिडचिड होणे हे निम्म्याहून अधिक बाळंतिणींना होते आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. तेवढ्या दिवसांत तिला सलग चार-पाच तास झोप मिळेल अशी व्यवस्था करावी. बाळाला दोन पाजण्यांच्या मध्ये आजीने किंवा वडिलांनी सांभाळावे. दोन आठवडे उलटूनही उदासी हटली नाही, तर ते बाळंतपणानंतरचे नैराश्य समजून डॉक्टरांना दाखवावे. बाळ आपल्या हातून पडेल, आपल्याकडून त्याला काही होईल, असे नकोसे विचार येऊन ती घाबरत असेल, तर तेही सांगायला लावावे. असे विचार पुष्कळ मातांना येतात, त्यांची तिला लाज वाटते, आणि उपचारांनी ते कमी होतात.

एक अवस्था मात्र तातडीची आहे. हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, तीव्र मनोविकार होतो. दोन-तीन रात्री झोप नाही आणि झोपेची गरजही वाटत नाही, बोलणे असंबद्ध होते, घरच्यांवर संशय येतो, कोणाचे तरी आवाज ऐकू येतात, बाळाविषयी विचित्र गोष्टी ती खात्रीने सांगते. अशा वेळी बाहेरचे लागले म्हणून देवऋषीकडे नेण्यात जो दिवस जातो, तो आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो. देवाला नवस बोलायचा असेल तर जरूर बोलावा, पण १०८ ला फोन करून तिला आधी रुग्णालयात न्यावे, आणि तोपर्यंत बाळ तिच्याजवळ एकटे ठेवू नये. हा आजार उपचारांनी बरा होतो. दाखल करावे लागले, तरी तीन वर्षांखालील मुलाला सहसा आईपासून वेगळे करू नये अशी तरतूद २०१७ च्या कायद्यात आहे. आईपासून बाळाला धोका असेल, तरच डॉक्टर त्याला काही काळ दूर ठेवतात.

सव्वा महिन्यानंतर किंवा तिसऱ्या महिन्यात ती माहेराहून सासरी परत येते, तेव्हा तिच्या आईने सासूबाईंशी एकदा निवांत बोलावे. बाळाची लस कधी आहे, दूध पुरते का, हे जसे सांगितले जाते तसेच ती रात्री किती झोपते, मध्यंतरी काही त्रास झाला का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, पुढची तारीख कोणती, हेही सांगावे. घर पुन्हा बदलले, आईचा हात सुटला आणि कामे अंगावर आली की दबलेला त्रास याच सुमाराला वर येतो. म्हणून सासरी आल्यावर दोन आठवड्यांनी, आणि त्यानंतर बाळ वर्षाचे होईपर्यंत प्रत्येक लसीच्या तारखेला, वर दिलेले तेच दोन प्रश्न तिला पुन्हा विचारावेत.